बाळंतविड्याचा हिशेब



घरांत बाळ यावयाचें ठरलें म्हणजे त्याच्या तयारीविषयीं बोलण्याचा पहिला अधिकार आजीचा. माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरानें त्यांत तोंड घालणें कित्येकांना विचित्र वाटेल. परंतु मीं जन्मभर मुलांना अंकगणित शिकविलें, आणि या तयारीच्या उत्साहांत घरोघर पहिला विसर पडतो तो अंकगणिताचाच. म्हणून हें धारिष्ट.

प्रथम कापडाचें पाहूं. नऊवारी सुती लुगड्याची लांबी ३२४ इंच, पन्हा सुमारें ४५ इंच. २२ इंची चौकोनी लंगोट कापले तर एका लुगड्याचे २८ होतात. विरलेला भाग टाकला तरी २० हातीं लागतात, आणि तेहि इतके मऊ कीं नव्या कापडाला ती सर नाहीं. उलट, एकदां वापरून फेकावयाचे लंगोट दिवसास सहा आणि नगास दहा रुपये धरले, तर महिन्याचे १,८०० रुपये होतात. प्रवासांत किंवा रात्रीं ते जरूर वापरावे. मी कर्मठ नाहीं. बाळ आषाढ-श्रावणांत यावयाचें असेल तर मात्र सुती लंगोट दुप्पट काढून ठेवावे. सातपुड्याकडून पावसाची झड लागली कीं दोरीवरचें कापड वाळत नाहीं, आणि ओलसर लंगोट बाळाला घालण्यांत कसलीच काटकसर नाहीं.

जन्मापूर्वीं बाळासाठीं नवें कांहीं आणूं नये, पहिलें झबलें दुसऱ्या बाळाचें जुनें घालावें, असें जुन्या बायका सांगत. त्यांना त्यांत शुभाशुभ दिसे. मला व्यवहार दिसतो. तीन महिन्यांत झबलें आंखूड होतें. पाळणा तर कोणा आप्ताच्या माळ्यावर पडलेला असतोच. तो मागून आणावा, कड्या व दोऱ्या तेवढ्या पारखून घ्याव्या. दुधाच्या पावडरीचा डबा आधींपासून आणून ठेवूं नये. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावांचून दुसरें कांहीं, पाणीसुद्धां, लागत नाहीं. डॉक्टरांनीं सांगितलें तर गोष्ट वेगळी. या पावडरींच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्यानें बंदी आहे, ती उगीच नव्हे.

आतां ही बचत कोठें जाते तें पाहूं. आपल्याकडे पहिलें बाळंतपण माहेरीं. डोहाळजेवणासाठीं सभागृह, फुलांचा धनुष्यबाण, छायाचित्रकार, मग बारसें. आणि हा सारा भार बहुधा मुलीच्या बापावर. मुलीला तो दिसत असतो. ती 'मला नको' म्हणून दुधाचा पेला मुकाट्यानें परत पाठविते. मला भय वाटतें तें या बचतीचें. त्यांत बाळंतिणीनें काय खाऊं नये याची यादी असतेच. आमचें नंदुरबार मिरचीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध. मिरची तिला कमी वाढा, माझी तक्रार नाहीं. पण डाळ वातुळ, केळें थंड, पालेभाजी बाधते, असें म्हणत म्हणत ताटांत उरतें काय? कळण्याची भाकरी, तुरीची डाळ, शेवग्याचा पाला, शेंगदाणे-गुळाचा लाडू, चालत असल्यास अंडें, यांना असे किती पैसे पडतात? सरकारनें २०१५ सालीं आदिवासी भागांत अमृत आहार योजना काढली, तींत गरोदर स्त्रियांना व बाळंतिणींना अंगणवाडींत एक वेळचें पुरें जेवण ठेवलें. अक्कलकुवा-धडगांवच्या डोंगरांतील मातेला जें आवश्यक ठरलें, तें आपल्या शहरांतील लेकीसुनेला अनावश्यक कसें?

तपासण्यांतहि हात आंखडूं नये. रक्तांतील लोहाची आणि सिकलसेलची तपासणी वेळेवर करून घ्यावी. सिकलसेल आपल्या जिल्ह्यांत आदिवासींत अधिक, पण इतरांत नाहीं असें नव्हे. आईबाप दोघेहि वाहक असले तर प्रत्येक बाळास तो आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी करण्याचा उपक्रम २०१६ पासूनचा. त्याहून जुना, २०११ चा, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम. त्याप्रमाणें सरकारी रुग्णालयांतील बाळंतपण, शस्त्रक्रिया करावी लागली तरी, औषधें, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचें वाहन यांसह विनामूल्य आहे. तेथें उत्पन्न विचारीत नाहींत. पांढरपेशा कुटुंबांनीं संकोच सोडून एकदां तेथील व्यवस्था पाहून यावी, मग काय तें ठरवावें.

नर्मदाकांठच्या पाड्यांवरून अडलेल्या स्त्रीला बांबूच्या झोळींतून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आपण वाचतों. आपल्या घरीं झोळी म्हटली कीं बाळाचीच आठवते. दाराशीं रिक्षा मिळते म्हणून आपण अडचणीच्या रात्रीची तरतूद विसरतों. आठव्या महिन्यापासून कांहीं रक्कम वेगळ्या पाकिटांत घालावी. त्यावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि रक्त देऊं शकणाऱ्या दोघां आप्तांचीं नांवें लिहावीं. बारशाचा खर्च कितीहि वाढला तरी त्या पाकिटास हात लावूं नये. बाळबाळंतीण सुखरूप घरीं आल्यावर त्यांत जें उरेल त्याचें बाळंतिणीसाठीं रोज अर्धा शेर दूध जास्त लावावें.