एका कादंबरीतील शाळा

(केंद्रस्तरीय शिक्षक-संमेलनातील व्याख्यान)



आजच्या सभेत गणिताच्या अध्यापनाविषयी मी दोन शब्द बोलावे, अशी आपली अपेक्षा होती, हे मी जाणतो. तो विषय आपण पुढील सभेसाठी राखून ठेवू. आज मी एका परदेशी कादंबरीविषयी बोलणार आहे. ती शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. तथापि शाळेचे जे दर्शन तीत घडते ते आपल्या धंद्यातील माणसाने एकदा तरी घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कादंबरीचे नाव ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’. लेखिका हार्पर ली या अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मन्रोव्हिल या लहानशा गावी १९२६ साली जन्मल्या आणि २०१६ साली निवर्तल्या. ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला व दुसऱ्याच वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. कथेचा काळ १९३३ ते १९३५ असा आहे. मेकोम नावाचे कल्पित गाव, तेथील वकील ॲटिकस फिंच आणि त्यांची आईविना वाढणारी दोन मुले, जेम व स्काउट. धाकटी स्काउट आरंभी जेमतेम सहा वर्षांची आहे, आणि सारी कथा तिच्याच तोंडून आपण ऐकतो.

कथानक थोडक्यात सांगतो. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो. ॲटिकस त्याचे वकीलपत्र घेतात. मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूस मार लागलेला असतो, म्हणजे मारणारा डावखुरा असावा. टॉमचा डावा हात तर लहानपणीच सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. डावखुरा असतो तो मुलीचा बाप. इतका उघड पुरावा समोर असूनही ज्यूरीतील बारा गोरे पुरुष टॉमला दोषी ठरवितात. पुढे तुरुंगातून पळू पाहताना तो पहारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडतो.

खटल्यातील एक बारकावा मला फार बोलका वाटतो. त्या मुलीची कामे तू फुकट का करीत होतास, असे सरकारी वकील विचारतो, आणि टॉम सरळपणे सांगतो की मला तिची दया येत असे. हे ऐकताच कचेरीतील हवा पालटते. त्या समाजात कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या बाईची दया करणे हाच मोठा गुन्हा होता! दया वरून खाली वाहावी, खालून वर वाहू नये, असा तो अलिखित कायदा.

हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत. १९३१ साली याच अलाबामा राज्यात स्कॉट्सबरो येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांवर असाच खोटा आरोप ठेवला गेला आणि गोऱ्यांच्याच ज्यूरीने त्यांतील आठ जणांना मृत्युदंड फर्मावला. वरिष्ठ न्यायालयांमुळे ते फासावर गेले नाहीत, पण त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगात सरली. येथे एक गोष्ट आपणांस आठवेल. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केला, ज्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली. तेथील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. परंतु पुढील काही दशकांत दक्षिणेकडील राज्यांनी शाळा, गाडीचे डबे, पाणवठे, सारे वर्णानुसार वेगळे करून टाकले. स्काउट ज्या वर्गात बसते तेथे एकही कृष्णवर्णीय मूल दिसत नाही, आणि याचे कोणास नवलही वाटत नाही. शाळांतील ही विभागणी घटनाविरोधी आहे, असा निर्णय व्हावयास १९५४ साल उजाडावे लागले.

आता शाळेकडे वळू. पहिल्याच दिवशी स्काउटच्या वर्गावर कॅरोलाइन फिशर या नव्या बाई येतात. स्काउटला वाचता येते हे कळताच बाईंना आनंद होत नाही. वडिलांना सांग, यापुढे तुला शिकवू नका, असे त्या बजावतात. वॉल्टर कनिंगहॅम या गरीब शेतकऱ्याच्या मुलाजवळ दुपारचा डबा नसतो. बाई त्याला पाव डॉलर उसना देऊ करतात, तो घेत नाही. जे फेडता येणार नाही ते कनिंगहॅमांच्या घरचा माणूस घेत नाही, हे स्काउट बाईंना समजावू जाते आणि हातावर पट्टीचा मार खाते. बाईंचा हेतू वाईट नव्हता. गाव मात्र त्यांनी पाहिले नव्हते.

तोच वॉल्टर त्या दुपारी फिंचांच्या घरी जेवावयास येतो आणि साऱ्या पानावर काकवी ओतून घेतो. स्काउट त्यास हसते. तेव्हा घरातील कृष्णवर्णीय स्वयंपाकीण कॅलपर्निया तिला आत नेऊन खडसावते की या घरात जो पाऊल टाकील तो आपला पाहुणा, मग तो कोणीही असो. माझ्या मते या कादंबरीतील खरी शिक्षिका हीच. स्काउटला अक्षर गिरवावयास तिनेच शिकविले. स्वतःच्या मुलालाही तिनेच वाचावयास शिकविले, आणि आता चर्चमध्ये तो एकेक ओळ वाचतो व त्याच्यामागून सारी मंडळी ती गातात, कारण तेथे अक्षरओळख असलेली माणसे अवघी चार. गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीयास लिहावाचावयास शिकविणे हा अलाबामात दंडनीय गुन्हा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या चार माणसांचे मोल कळते.

त्या दुपारच्या जेवणाचे फळ पुढे दिसते. टॉमला ठार करण्यासाठी रात्री तुरुंगापाशी जमाव जमतो. त्यात वॉल्टरचा बाप असतो. स्काउट त्याला ओळखते आणि तुमचा मुलगा माझ्या वर्गात आहे, त्याला माझा नमस्कार सांगा, असे निरागसपणे बोलू लागते. तो खाली वाकतो, तिच्याशी दोन शब्द बोलतो आणि जमावाला घेऊन परत जातो. खटल्यातही कनिंगहॅमांच्याच नात्यातील एक माणूस टॉमला निर्दोष सोडा म्हणून ज्यूरीत काही काळ अडून राहतो.

आणि शेवटी गेट्सबाईंचा तास. स्काउट तेव्हा तिसरीत आहे. चालू घडामोडींच्या तासाला एक मुलगा जर्मनीत हिटलर ज्यूंचा छळ करीत असल्याची बातमी सांगतो. बाई फळ्यावर ठळक अक्षरांत ‘लोकशाही’ हा शब्द लिहितात, व्याख्या विचारतात, आणि आपल्या देशात कोणाचाही छळ होत नाही, असे सांगतात. पाठ म्हणून पाहिले तर तो उत्तम आहे. तपासणीस मी असतो तर शेराही चांगलाच दिला असता. परंतु स्काउटला आठवते की खटल्याच्या रात्री कचेरीच्या पायऱ्या उतरताना याच बाई म्हणत होत्या, त्या लोकांना कोणीतरी धडा शिकवायलाच हवा होता, ते फार चढून गेले आहेत. हिटलरचा इतका तिटकारा असणाऱ्या बाई आपल्याच गावच्या माणसांविषयी असे कसे बोलू शकतात, हे कोडे ती भावाला घालते. जेम उत्तर देत नाही, तो संतापतो. निकालाचा घाव त्याच्या मनात अजून ओला असतो.

मुलांची वाढ या ग्रंथात अशीच होते. तिला कोणी उपदेश पाजत नाही. तिने काय ऐकले आणि काय पाहिले, यांतील अंतर तिचे तीच मोजते.

ग्रंथावर आक्षेपही आहेत, आणि ते मला रास्त वाटतात. टॉमच्या बायकोमुलांचे मन आपणांस जवळजवळ कळत नाही. सारा प्रकाश गोऱ्या वकिलावर पडतो. याच लेखिकेची आधी लिहिलेली व २०१५ साली प्रसिद्ध झालेली दुसरी कादंबरी पाहावी, तर तीत वृद्ध ॲटिकस शाळांच्या एकत्रीकरणास विरोध करताना दिसतात! थोर माणसाचे चित्र रंगविताना या गोष्टीचे विस्मरण होऊ देऊ नये.

विषय बलात्काराच्या आरोपाचा असल्याने ही कादंबरी प्राथमिक वर्गांत वाचून दाखविण्याजोगी नाही. ती आपणांसाठी आहे. ज्यांना सवड कमी आहे त्यांनी सव्विसावे प्रकरण तरी वाचावे, आणि पुढील सभेस येताना गेट्सबाईंच्या त्या तासाचे पाठ टाचण आपण कसे केले असते ते लिहून आणावे. गणिताचा राहिलेला विषय त्यानंतर घेऊ.