लेम्नॉसची जखम, डेरीचा रंगमंच

१ ऑक्टोबर १९९० रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात, गिल्डहॉलमध्ये एका नाटकाचा पहिला प्रयोग झाला. शेमस हीनी यांचं ‘द क्यूअर ॲट ट्रॉय’. त्याचं मूळ सॉफोक्लीसच्या ‘फिलोक्टेटीस’मध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वी ४०९ सालच्या ग्रीक शोकांतिकेत.

ट्रॉयला निघालेल्या फिलोक्टेटीसच्या पायाला साप डसतो. जखम चिघळते, दुर्गंधी सुटते, त्याचं विव्हळणं ऐकवत नाही. सोबती त्याला लेम्नॉस बेटावर एकटा टाकून निघून जातात. दहा वर्षांनी त्यांना कळतं, की त्याच्याजवळच्या धनुष्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. मग कावेबाज ओडिसियस कोवळ्या निओप्टोलेमसला पुढे करून ते मिळवायला येतो.

प्रयोग कुठे झाला, यालाही अर्थ होता. जानेवारी १९७२ मध्ये नागरी हक्कांचा मोर्चा याच गिल्डहॉलच्या चौकाकडे निघाला होता. ब्रिटिश सैनिकांनी त्यावर गोळीबार केला. तो दिवस ‘रक्तरंजित रविवार’ म्हणून ओळखला जातो. ब्रायन फ्रील आणि स्टीफन रे यांनी १९८० साली स्थापलेल्या ‘फील्ड डे’ या नाट्यसंस्थेनं इथेच नाटकं करायचा हट्ट धरला. टॉम पॉलिन यांनी ‘अँटिगनी’वरून लिहिलेलं ‘द रायट ॲक्ट’ही त्यांनी १९८४ मध्ये इथेच केलं. त्यातला राजा क्रेऑन पत्रकार परिषदेत बोलणाऱ्या मंत्र्यासारखा बोलतो.

हीनींना मात्र सत्ताधाऱ्यापेक्षा जखमी माणूस जास्त महत्त्वाचा वाटला. फिलोक्टेटीसवर अन्याय झाला, हे खरंच. पण दहा वर्षांत ती जखमच त्याची ओळख झाली आहे. बरं व्हायचं, तर ज्यांनी टाकलं त्यांच्याच सोबत जावं लागेल, आणि तेच त्याला नको आहे. उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही समाजांना हे दुखणं आतून ठाऊक होतं.

म्हणून हीनींनी समूहगानात पदरच्या ओळी घातल्या. त्यात उपोषणात मुलगा गमावलेला बाप आहे आणि पोलिसाची विधवाही आहे. एकाच श्वासात दोन्ही बाजूंचा शोक! माझ्या मते नाटकाचं सगळं धैर्य इथे आहे. याच गानातल्या आशेच्या ओळी पुढे बिल क्लिंटन यांनी १९९५ मध्ये डेरीत उद्धृत केल्या, आणि त्या जगभर गेल्या.

पण त्या आशेआधी एक साधी कृती घडते. कपटानं हाती आलेलं धनुष्य निओप्टोलेमस परत देतो. ओडिसियस आडवा येतो, तरी देतो. धनुष्य हाती आल्यावरही फिलोक्टेटीस ट्रॉयला जायला तयार होत नाही. मला घरी ने, एवढंच तो म्हणतो, आणि तो तरुण तेही कबूल करतो.