नदीला उतार मिळेपर्यंत



भिवंडीचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यंत्रमाग, गोदामे आणि मालमोटारींच्या रांगा उभ्या राहतात. त्यात खोटे काही नाही. परंतु याच तालुक्याच्या उत्तर अंगाला, गर्द रानाच्या कुशीत, गुमतारा किल्ला उभा आहे. पायथ्याच्या दुगाड गावावरून कोणी त्याला दुगाडचा किल्ला म्हणतात, कोणी घोटवड्याचा. हिमालयातील वाटांचे नकाशे पाठ असलेल्या येथील कित्येक तरुणांना मात्र त्याचे नावही ठाऊक नसते!

गुमताऱ्याची उंची दोन हजार फुटांच्या आतली. मोठ्या चढाया केलेला माणूस ती ऐकून हसेल. पण या वाटेची परीक्षा उंचीत नाही. ती रानात आणि पाण्यात आहे. मोळीविक्यांच्या आणि गुरांच्या पायवाटा एकमेकींत अशा गुंततात की वाटाड्या सोबत नसेल तर माणूस तासन् तास भरकटतो. माथ्यावर ढासळलेला दरवाजा, तटाचे अवशेष, कातळात खोदलेली पाण्याची टाकी एवढेच उरले आहे. खाली तानसेचे खोरे आणि चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेशी जिचे नाव जोडले गेले ती वज्रेश्वरी.

या रानाने एक मोठा रणसंग्राम पाहिला आहे. १७८० च्या अखेरीस इंग्रज सेनापती गॉडर्ड वसईला वेढा घालून बसला होता. त्या वेढ्याला बाहेरून धक्का लागू नये म्हणून हार्टले आपली फौज घेऊन दुगाडला ठाण मांडून होता. वसईच्या मदतीस निघालेले मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश कानडे यांनी १२ डिसेंबरच्या सकाळी दाट धुक्याच्या आडून त्याच्यावर चाल केली. धुके टिकले असते तर कदाचित निकाल निराळा लागता. ते एकाएकी विरले आणि उघड्यावर आलेले सैन्य तोफांच्या तोंडी सापडले. रामचंद्र गणेश धारातीर्थी पडले. वसई आदल्याच दिवशी शत्रूच्या हाती गेली होती. दोन वर्षांनी सालबाईच्या तहाने ती परत मिळाली, तरी असा सेनानी कोठून परत मिळणार? शौर्यात तेथे तसूभर उणे नव्हते. हवेने साथ सोडली.

आज पाठीवर सॅक टाकून निघणाऱ्यांपुढे तोफा नाहीत, ओढे आहेत. सह्याद्रीच्या उतरणीवरचे ओढे लांबीने लहान, पण उभ्या कड्यांवरचे सारे पाणी एकदम पोटात घेणारे. वर डोंगरावर सर आली की खाली ऊन असतानाही पाणी चढते. सकाळी घोट्यापर्यंतचा ओढा परतताना कमरेला लागतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे शाळेत शिकलेले गणित ऐन प्रवाहात आठवून उपयोग नाही. पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या-पाचोळा वाहत येणे, आवाज बदलणे या तिन्हींपैकी एक जरी खूण दिसली तरी काठावर यावे.

नदी पायी ओलांडण्याजोग्या जागेला आपल्या भाषेत ‘उतार’ म्हणतात. नवखा माणूस ओलांडण्यासाठी अरुंद जागा निवडतो आणि तेथेच फसतो. कारण पाणी तेथे खोल आणि वेगवान असते. उतार सापडतो तो पात्र पसरट होते तेथे. खाली धबधबा असेल तर ती जागा कितीही सोपी दिसो, सोडावी. पायांतील बूट काढू नयेत. सॅकचा कमरपट्टा आधी सोडावा, म्हणजे तोल गेल्यास ओझे टाकून देता येते. प्रवाहाकडे तोंड करून, हातातील काठी पुढे रोवून, एका वेळी एकच पाऊल सरकवावे. दोर अंगाला बांधून पाण्यात शिरणे हा तर शुद्ध वेडेपणा. पाय सुटला की तोच दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

चिंचोटीच्या धबधब्याकडे जाणारी वाट भिवंडीकरांना जवळची. त्या रानातही ओढे ओलांडावे लागतात आणि तेथील डोहांनी अनेक तरुण गिळले आहेत. पावसाळ्यात तेथे बंदीचे आदेश निघतात ते सहलींवरील रागापोटी नव्हेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मध्यभागी ते एकमेकांना बिलगून उभे होते आणि काठावरचे लोक हतबल होऊन पाहत होते.

वस्तुतः ज्या वेगाने हे ओढे चढतात, बहुधा त्याच वेगाने ते ओसरतातही. पाऊस थांबल्यावर काही तासांत उतार मिळतो. म्हणून एका जेवणाची जादा शिदोरी, कोरडे कपडे आणि विजेरी एवढे सोबत असले की काठावर बसून राहण्यास कोणाची ना नसते. पाड्यावरचा माणूस डोक्यावरचा भारा खाली ठेवून असा निवांत बसतो. शहरातून आलेल्याला मात्र संध्याकाळची गाडी गाठायची असते. तानसेच्या काठाने जाणाऱ्यांनी तर धरणाचीही चौकशी करावी. ते भरून वाहू लागले की खालच्या गावांना इशारा दिला जातो. रानात चालणाऱ्यापर्यंत तो पोहोचत नाही.

गुमतारा प्रथमच पाहायचा असेल तर पावसाळ्याची घाई नको. डिसेंबरात, शक्य तर बारा तारखेच्या सुमारास, गावातील वाटाड्याला त्याच्या दिवसाचे योग्य मोल देऊन पहाटे दुगाडहून निघावे. ओढ्यांत तेव्हा पाणी नसल्यासारखेच. काठच्या झाडांकडे मान वर करून पाहिले तर पुराने फांद्यांत अडकवून ठेवलेला पाचोळा दिसेल. पुष्कळदा तो माणसाच्या डोक्याहून उंच असतो.