ओले फडके आणि हातातला फोन



साहित्य संस्थेच्या व्यासपीठावर आरोग्य आणि मोबाईल हा विषय कशाला, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण आरोग्याची जागृती हा शेवटी शब्दांचाच व्यवहार आहे. कोणता शब्द, कोणाच्या तोंडून आणि किती वेळेवर पोहोचतो, यावर माणसाचे जगणे-मरणे ठरते. भोपाळच्या माणसाला हे निराळे सांगायला नको.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवा. युनियन कार्बाइडच्या टाकीतून चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. लोकांना सावध करणारा भोंगा सुरुवातीला थोडा वेळ वाजला आणि बंद झाला. माणसे घराबाहेर पडून धावत सुटली. धावताना श्वास वाढतो, तसा वायू छातीत अधिकच गेला. तोंडावर ओले फडके धरा, वायू जिकडे चालला आहे तिकडे धावू नका, ही दोन वाक्ये आसपासच्या वस्त्यांना कोणी आधी सांगितलेली नव्हती. पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासूनच आपल्या ‘रपट’ या साप्ताहिकातून या कारखान्याच्या धोक्याविषयी लिहीत होते. लिहिलेले होते, पण ते कोणी मनावर घेतले नाही.

त्याच रात्री भोपाळ स्टेशनवर उलटे घडले. उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावरची प्रवाशांनी भरलेली गाडी वेळेआधीच रवाना करायला लावली आणि विदिशा, इटारसीसारख्या स्थानकांना भोपाळकडे येणारी वाहतूक थांबवण्याचा निरोप दिला. साधन साधेच होते. पण सांगणारा माहीत होता, तो बोलल्या शब्दाला बांधलेला होता, आणि काय करायचे ते एका वाक्यात कळत होते. आरोग्याच्या चांगल्या संदेशाला याहून वेगळे काही लागत नाही.

आज साधनांची वाण नाही. निरोप क्षणात घरोघर पोहोचतो. हरवतो तो सांगणारा. याची कबुली मी स्वतःपासून देतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा निरोप मला आला. मी तो न तपासता घरच्या ग्रुपवर टाकला. माझा मावसभाऊ दीड दिवस ती पुरचुंडी हुंगत बसला. बोटावरचे यंत्र ८८ दाखवत असतानाही. मुलीने हट्टाने दवाखान्यात नेले म्हणून वाचला. पुढे भेटला तेव्हा रागावला नाही. एवढेच म्हणाला, “तू पाठवलं होतंस ना, म्हणून खरं वाटलं.”

मंडळी, ते वाक्य मला अजून बोचते. निरोप लिहिणारा कोण होता, मला ठाऊक नाही. विश्वास मात्र माझ्या नावावर बसला. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एक निरोप एका वेळी पाच जागीच पाठवता येईल असे केले. २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या निरोपांसाठी ती मर्यादा एकावर आणली. वेग कमी झाला, पण खरे-खोटे पाहणे आपल्याकडेच राहिले.

हेच साधन नीट वापरले तर काय होते, तेही पाहा. केंद्र सरकारची ‘किलकारी’ ही सेवा २०१६ मध्ये सुरू झाली. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ फोन येतात. डॉक्टर अनिता नावाचे पात्र त्या आठवड्यापुरते सांगते: आता काय खावे, लस कधी. वाचता येण्याची गरज नाही. मुंबईच्या डॉ. अपर्णा हेगडे यांची ‘आरमान’ संस्था पुढे या कामात आली. मध्य प्रदेशातच या सेवेची शास्त्रीय तपासणी झाली. पाळणा लांबवण्याच्या साधनांचा वापर थोडा वाढला. सगळ्याच सवयी काही बदलल्या नाहीत. एक अडचण तर आपल्या ओळखीचीच: फोन बहुतेकदा नवऱ्याच्या खिशात असतो, आणि तो कामावर गेला की बाईसाठी आलेला निरोप त्याच्याबरोबरच जातो.

म्हणून तुमच्याकडे तीन मागणी आहेत. एक, आरोग्याचा निरोप पुढे पाठवण्याआधी विचारा: हे कोणी सांगितले, कधी, आणि शंका आली तर कोणाला विचारायचे? उत्तर नसेल तर तो तिथेच थांबवा. दोन, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लांबलचक मजकूर पाठवू नका. डॉक्टरांनी सांगितलेले आपल्या मराठीत, आपल्या आवाजात बोलून पाठवा. तीन, तुमच्या घरी कामाला येणारी बाई किंवा तिची सून गर्भार असेल, तर नर्सबाईंनी नोंदवलेला मोबाईल नंबर बरोबर आहे ना, आणि तो फोन तिच्या हाती लागतो ना, एवढे विचारा.

आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या शहरात राहत आली. त्या रात्री ओल्या फडक्याचे एक वाक्य सांगायला कोणी नव्हते. आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात भोंगा आहे. तो वाजवण्याआधी खात्री करून घ्या. आणि वाजवायची वेळ आलीच, तर मध्येच बंद करू नका.