तेरावे कलम



ज्या पुणतांब्यातून 1 जून 2017 रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्या गावाला संपाविषयी आम्ही काय सांगावे! म्हणून आज गटाराविषयी बोलतो. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण गेटसभांत झाले. तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

तीस वर्षांपूर्वी आम्ही एका कामगार वस्तीत राहत होतो. साठ बिऱ्हाडे आणि दोन नळ. पाणी दिवसातून तासभर. नळाची लाइन उघड्या गटारातून गेलेली. एका पावसाळ्यात वस्तीत कावीळ पसरली. शेजारच्या खोलीतली बाई आठव्या महिन्यात होती, ती गेली. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "तुम्ही लोक स्वच्छता पाळत नाही." आम्ही माना खाली घातल्या.

त्याच महिन्यात युनियनने मालकाला मागणीपत्र दिले. बारा कलमे होती : पगार, बोनस, रजा, गणवेश. नळाचे आणि गटाराचे कलम त्यात नव्हते. ते मागणीपत्र आम्हीच लिहिले होते.

पुढे पुस्तके वाचून उमगले. नळ चालू असतो तेव्हा लाइनीत दाब असतो; चीर असली तर पाणी बाहेर गळते. नळ बंद झाला की दाब सरतो, आणि त्याच चिरेतून बाहेरची घाण आत शिरते. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा भरणारीच्या घरी ती जाते. तिने हंडा राखेने कितीही घासला तरी काय उपयोग? काविळीचा हेपॅटायटिस ई हा प्रकार अशाच पाण्यातून पसरतो, आणि गरोदर बाईला तो सर्वांत घातक ठरतो. म्हणजे साहेबांचे निदान चुकीचे होते, आणि आमचे मौनही.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. रोगाचे नाव गुलियन बॅरे. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. कित्येकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशयाचे बोट पाण्याकडे वळले. नांदेड, किरकटवाडी ही गावे 2021 साली महापालिकेत आली होती. इमारती भराभर उठल्या. पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था मागे राहिली. तिथे फ्लॅटवालेही होते. जंतू रेशनकार्डाचा रंग पाहत नाही. मात्र गरिबाच्या दारी तो आधी येतो, कारण लाइन तिथेच सर्वांत जुनी आणि गटार सर्वांत उघडे.

मग करावे काय? उपाय फार मोठा नाही. पाण्यातल्या क्लोरीनची ओटी चाचणी ग्रामपंचायतीला ठाऊक आहे. थेंब टाकले, पाणी पिवळे झाले, की क्लोरीन उरले आहे असे समजावे. नळाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम उरले पाहिजे. पण ही चाचणी टाकीखाली करू नका. गावाच्या शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या नळावर करा, आणि आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचा. लाइन गटारातून गेली असेल, तर ती वर उचलण्याचा ठराव त्याच सभेत मांडा.

आमच्या मागणीपत्रातले तेरावे कलम लिहायचे राहून गेले. आपण ते लिहावे, एवढेच मागणे आहे.