मुलापासून मुलापर्यंत



मोरगावात उभं राहिलं की एकाच बारामती तालुक्याची दोन रूपं डोळ्यांपुढे येतात. तिकडे नीरा डाव्या कालव्याखालची उसाची बागायत, इकडे कऱ्हेकाठची, सुप्याच्या अंगाची जिरायत. गळीत हंगामात तिकडे ऊसतोडणी कामगारांची मुलं कोप्यांवर येतात. इकडची मेंढपाळांची मुलं कळपामागे निघून जातात. कुठे गावात आलेलं मूल पटावर नसतं, कुठे पटावरचं मूल गावात नसतं. हा पेच एकट्या गुरुजींना सुटणारा नाही. तिथे वरच्या अधिकाऱ्यांची साथ लागते. त्या साथीबद्दलच मला आज बोलायचं आहे.

1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावची शाळा जिल्ह्याच्या कारभाराशी जोडली गेली. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख ही साखळी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते, त्या कोठारी आयोगाने (1964-66) जवळपासच्या शाळांनी समूह करून एकमेकींना हात द्यावा, असं सुचवलं होतं. म्हणजे ही साखळी आधारासाठी आहे. केवळ माहिती मागवण्यासाठी नाही.

मी केंद्रप्रमुख असतानाची गोष्ट सांगतो. तिसरीच्या वर्गात एका मेंढपाळाच्या मुलीने धडा घडाघडा वाचून दाखवला. मी शेरेबुकात ‘वाचन समाधानकारक’ असं लिहिलं. निघताना सहज पुस्तक उघडून मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. शब्द होता ‘विहीर’. ती गप्प झाली. सगळा धडा तिला पाठ होता. वाचता मात्र येत नव्हतं. तोवर मी पोषण आहाराची नोंद पाहिली होती, हजेरीपत्रक तपासलं होतं. पाहायचं राहिलं होतं ते मूल. त्या दिवसापासून भेटीचा पहिला तास मी मुलांजवळ बसून घालवू लागलो. तिच्या बाईंनी कोकरू, वाडा, लोकर, काठी हे तिच्या घरातले शब्द फळ्यावर आणले. दिवाळीनंतर ती अनोळखी ओळ बोट फिरवत, अडखळत, पण स्वतः वाचू लागली.

वरची साथ मुलापर्यंत पोहोचते, ही केवळ माझी भावना नाही. वॉटर्स आणि मार्झानो या अमेरिकी अभ्यासकांनी 2006 मध्ये 27 अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला. जिल्ह्याच्या शिक्षणप्रमुखाचं नेतृत्व आणि मुलांची संपादणूक यांतला सहसंबंध त्यांना 0.24 आढळला. आकडा लहान दिसतो, पण त्याची सावली एका वर्गावर नाही, जिल्ह्यातल्या शाळाशाळांवर पडते. त्यांचं म्हणणं असं, की मुलांनी काय शिकायचं याची उद्दिष्टं पक्की हवीत, त्यांवरून लक्ष ढळता कामा नये, आणि तिथवर कसं पोहोचायचं याची मोकळीक शाळेला हवी.

हेच आपण साताऱ्याजवळ पाहिलं आहे. कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावाद वर्गात उतरवला. फरशीवर आखलेल्या आकृत्या, मुलांच्या हातात खडे, काड्या, मणी! राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. पुढे 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. पण फरशीवरच्या आकृत्यांची नक्कल लवकर होते. शिक्षकावर टाकलेला विश्वास तसा उचलून आणता येत नाही.

म्हणून अधिकारी मित्रांना माझ्या तीन मागण्या आहेत. वर्षासाठी एकच ध्येय धरा आणि जूनपासून एप्रिलपर्यंत ते बदलू नका. एकदा भरलेली माहिती पुन्हा मागू नका. तो वेळ मुलांचा आहे. आणि शेरा लिहिण्याआधी मुलाशेजारी बसा. शिक्षकांनाही सांगतो, वर्गात जे अडतं ते झाकू नका. शिक्षण परिषदेत अडचण मांडणं हा कमीपणा नाही.

अष्टविनायकाची यात्रा मोरगावच्या मयूरेश्वरापासून निघते आणि आठ ठिकाणं करून पुन्हा इथेच पुरी होते. आपल्या कागदाचाही प्रवास असाच असावा. तो मुलापासून निघावा, किती टेबलं फिरायची ती फिरावीत; पण परत त्या मुलापाशी पोहोचल्याशिवाय आपण काम झालं म्हणू नये.