मुक्या जिवाचा फोटो



आज आपण एका धंद्याविषयी बोलणार आहोत. पाळलेल्या जनावरांचे फोटो काढायचे आणि त्यावर पोट भरायचे, असा हा धंदा. कुणाचं कुत्रं, कुणाची मांजर, कुणाचा ससा, कुणाची घोडी. फोटोवाला फोटो काढून देतो आणि मालक पैसे देतो.

तुम्ही हसाल. म्हणाल, "गुरुजी, कुत्र्याच्या फोटोला कोण पैसे मोजणार?" पण मोजतात. शहरात मोजतात, आणि आता तालुक्याच्या गावीही मोजू लागले आहेत. पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो, पाठीवर झूल घालतो, आणि त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतो. घरात लेकरासारखा वाढवलेला जीव, त्याची एक चांगली आठवण जवळ असावी, असे माणसाला वाटतेच.

दुसरी गोष्ट अशी. मोबाईल घरोघर आला आणि लहान लहान स्टुडिओंचा धंदा बसला. बटण दाबणे आता सगळ्यांनाच येते. मग फोटोवाल्याला पैसे का द्यायचे? दुसऱ्यापाशी नाही अशी काही विद्या त्याच्यापाशी असेल, तरच. जनावराला न घाबरवता त्याचा बोलका फोटो काढणे, ही तशी विद्या आहे. ती शिकायची कशी, आणि त्यासाठी माणसे जोडायची कशी, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी एक खरी हकिगत ऐका. ही अमेरिकेतली आहे. वॉल्टर चांडोहा नावाचा एक गृहस्थ होता. त्याचा जन्म १९२० चा. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात फोटो काढायचा. लढाई संपली आणि तो न्यूयॉर्कला कॉलेजात शिकू लागला. १९४९ च्या हिवाळ्यात एका रात्री तो घरी चालला होता. बर्फ पडत होता. वाटेत मांजराचं एक पिल्लू कुडकुडत बसलेलं त्याला दिसलं. त्याने ते कोटाच्या खिशात घातलं आणि घरी आणलं.

पिल्लू भारी खोडकर निघालं. रात्री घरभर वेड्यासारखं धावायचं. म्हणून त्याचं नाव ठेवलं लोको. स्पॅनिश भाषेत लोको म्हणजे वेडा. चांडोहाने त्याचे फोटो काढले. ते फोटो त्याने मासिकांना आणि स्पर्धांना पाठवले. लोकांना ते आवडले. पुढे जाहिरातवाले आले, जनावरांचा खाऊ विकणारे कारखानदार आले. हाच त्याचा जन्माचा धंदा झाला. २०१९ साली, ९८ वर्षांचा होऊन तो वारला. तोवर त्याने मांजरांचे ९०,००० वर फोटो काढले होते.

या हकिगतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही की, तो एकटा नव्हता. त्याची बायको मारिया त्याच्याबरोबर काम करायची. मांजराला ती सांभाळायची, फोटो हा काढायचा. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. १९७३ साली त्याने एक पुस्तक छापलं. कुत्री, मांजरे आणि इतर जनावरे यांचे फोटो कसे काढावेत, हे त्यात सांगितलं. म्हणजे ज्या विद्येवर त्याचं घर चालत होतं, तीच त्याने चारचौघांत वाटून टाकली. तरी त्याचा धंदा बुडाला नाही.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरच्या गोष्टींना ती लागू असेल. पण विद्येची मूठ झाकून ठेवली, तर आतली विद्या वाढत नाही. आणि झाकणाऱ्याला नवीन कुणी काही सांगतही नाही.

आता ही विद्या शिकायची कुणापाशी? पहिला गुरू ते जनावरच. माणसाला "जरा हसा" म्हटलं की तो हसतो. कुत्र्याला काय सांगणार? तिथे आपणच त्याच्याएवढं व्हायला लागतं. गुडघे टेकायचे, वेळ पडली तर पोटावर पडायचे. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणायचा. उभ्याने काढलेल्या फोटोत कुत्र्याची नुसती पाठ दिसते. खाली बसून काढला की त्याचा चेहरा दिसतो, स्वभाव दिसतो.

उजेड खिडकीचा घ्यावा, नाहीतर सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हाचा. समोरून फ्लॅश मारू नये. कुत्र्यामांजराच्या डोळ्यांत मागे एक चकाकणारा पडदा असतो. अंधारात त्यांना दिसतं ते त्याच्या मदतीने. फ्लॅश पडला की तो पडदा चमकतो, आणि फोटोत डोळे भुतासारखे दिसतात.

सगळी चौकट काळ्या कुत्र्याने भरली, तर कॅमेरा फसतो. त्याला वाटतं अंधार आहे. मग तो उजेड जास्त घेतो आणि काळं कुत्रं राखाडी दिसतं. पांढऱ्या सशाचं याच्या उलट होतं. म्हणून काळ्याला उजेड थोडा कमी द्यायचा आणि पांढऱ्याला थोडा वाढवायचा. कुत्रं धावत असेल तर सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो निघेल, असा कॅमेरा लावायचा. या गोष्टी आठ दिवसांत शिकता येतात.

जी लवकर शिकता येत नाही ती गोष्ट वेगळी आहे. जनावर भ्यालं आहे का, हे ओळखणं. कुत्रं झोप नसताना जांभया देतं, ओठ चाटत राहतं, तोंड फिरवतं, शेपूट पायांत घालतं, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतं. ही त्याची भाषा आहे. ते सांगत असतं, "मला नको आहे हे." ही भाषा ज्याला वाचता येत नाही, तो या धंद्यात अडाणीच म्हणायचा, मग त्याचा कॅमेरा लाखाचा का असेना.

आणि हे ऐका. कधी कुत्र्यामांजराने चावा घेतला किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि रेबीजच्या लशीसंबंधी विचारावे. जखम लहान आहे म्हणून घरी बसू नये. रेबीज एकदा उठला की माणूस बहुधा वाचत नाही.

दुसरे गुरू म्हणजे आपले धंदेबंधू. त्यांच्याकडे पुष्कळजण वैरी म्हणून बघतात. जुना इतिहास काय सांगतो पाहा. फोटोची विद्या हिंदुस्थानात नवीन होती, तेव्हा १८५४ साली मुंबईत फोटो काढणाऱ्यांची एक मंडळी स्थापन झाली. तिचे नाव फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे. इंग्रज होते, तसे आपले लोकही त्यात होते. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर होते. ही मंडळी एकत्र जमायची, आपापले फोटो दाखवायची, कृती एकमेकांना सांगायची. ही विद्या आपल्या देशात रुजली ती अशा देवाणघेवाणीतून.

आजही तेच करावे. जवळच्या शहरात या कामाचा जाणता कुणी असेल, तर त्याच्या हाताखाली महिना दोन महिने जावे. सामान उचलावे, जनावराला पाणी दाखवावे, आणि डोळे उघडे ठेवावेत. आपले फोटो त्याच्यापुढे ठेवून विचारावे, "यात चुकलं कुठं?" "छान" म्हणणारा पुष्कळदा आपल्याला काही देत नाही. "इथं चुकलं" म्हणणारा देतो. मात्र शिकून आल्यावर त्याचीच गिऱ्हाइके फोडू नयेत. आपल्याला जमत नाही ते काम त्याच्याकडे पाठवावे. मग त्याला सवड नसेल तेव्हा तोही आपलं नाव सांगतो.

जत्रेत हे चांगलं दिसतं. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथल्या जाणत्याला विचारा. तो सांगेल, घोडा बाजूने उभा करा, चारी पाय वेगवेगळे दिसू देत, कान पुढे होऊ देत. त्याने एका वाक्यात सांगितलेलं आपल्याला एकट्याने शोधायला वर्ष लागेल. आणि खोड असलेल्या घोड्याचा फोटो निर्दोष करून मागणारा एखादा भेटलाच, तर त्याला हात जोडावेत. त्या एका फोटोने दहा गावांत आपलं नाव जाईल.

आता तिसरी गोष्ट, ओळखी. ओळख म्हणजे वशिला नव्हे. "हा माणूस असा असा काम करतो" हे चार ठिकाणी ठाऊक असणं, म्हणजे ओळख. या धंद्यात ती ठिकाणे कोणती? जनावरांचा डॉक्टर, खाऊ आणि पट्टे विकणारा दुकानदार, कुत्र्यांना आंघोळ घालून केस कापणारा, त्यांना शिकवणारा, आणि बेवारशी जनावरे सांभाळणारी माणसे. पाळणारा माणूस यांच्यापैकी कुणाकडे तरी जातोच.

पण तिथे नुसता पत्ता छापलेला कागद ठेवून काही होत नाही. आधी आपण काही द्यावं. बेवारशी कुत्र्यांना घर हवं असतं. कोपऱ्यात दबून बसलेल्या कुत्र्याचा अंधारातला फोटो पाहून त्याला कोण नेणार? महिन्यातून एक सकाळ तिथे जावं आणि फुकट चांगले फोटो काढून द्यावेत. कुत्र्याला घर मिळेल, आपला हात वळेल, आणि तिथली माणसे आपलं काम डोळ्यांनी पाहतील.

आमचा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी फोटोचा धंदा करतो. लग्नसराई संपली की त्याचा हात रिकामा. म्हणून त्याने हे काम धरलं. एकदा जनावरांच्या दवाखान्याच्या ओसरीवर एका व्यापाऱ्याच्या कुत्र्याचा फोटो काढायचा होता. इसार हातात आला होता. कुत्रं नुकतंच सुई टोचून बाहेर आलेलं, थरथरत होतं. व्यापाऱ्याला घाई. तो म्हणाला, "मी दाबून धरतो. तू काढ."

हा म्हणाला, "शेट, आज नको. ते भ्यालंय. चार दिवसांनी मी घरी येतो. जादा काही घेणार नाही."

शेट रागावले. इसार परत घेतला आणि निघून गेले. ते पुन्हा काही आले नाहीत. त्या महिन्यात दुकानाचं भाडं थकलं होतं. घरी बायको म्हणाली, "दोन मिनिटांचं तर काम होतं. काढला असता तर काय झालं असतं?" तिचंही चूक नव्हतं. चूल तिला पेटवायची होती.

पण दवाखान्यातल्या शिपायाने हे पाहिलं होतं. त्याने ते डॉक्टरांना सांगितलं. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या बाईंना याच्याकडे पाठवलं. त्यांचं कुत्रं तेरा वर्षांचं होतं. डोळ्यांवर सारा आलेला, मागचे पाय लुळे. बाई म्हणाल्या, "बाळा, याला उठवू नकोस. आहे तसाच घे."

हा जमिनीवर आडवा झाला. घंटाभर तसाच पडून राहिला. शेवटी कुत्र्याने बाईंच्या पावलावर हनुवटी टेकली, तेवढा एकच फोटो त्याने ठेवला. तीन आठवड्यांनी कुत्रं गेलं. तो फोटो आज बाईंच्या घरात देवघराशेजारी आहे. घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, "हा कुणी काढला?"

आम्ही त्याला विचारलं, "अरे, शेटचे पैसे गेले त्याचं वाईट वाटतं का?" तो म्हणाला, "वाटतं ना, गुरुजी. भाडं मला पुढे व्याजाने पैसे काढून द्यावं लागलं. पण त्या दिवशी मी कुत्र्याला दाबू दिलं असतं, तर डॉक्टरांनी बाईंना माझ्याकडे पाठवलं असतं का?"

मंडळी, त्याच्या या बोलण्यात सगळं आलं. आपण भित्र्या जिवाशी कसं वागतो, हे कुणीतरी पाहत असतं. आणि कुणी पाहत नसलं, तरी ते जनावर पाहतच असतं.

आता शेवटचं, आणि ते तुमच्या पाटीपेन्सिलीशी संबंध असलेलं. व्यवहार तोंडी ठेवू नये. एका कागदावर लिहावं : गिऱ्हाइकाचं नाव, जनावराचं नाव, तारीख, किती फोटो देणार, कोणत्या दिवशी देणार, पैसे किती, इसार किती. हा फोटो दुकानात लावायला मालकाची परवानगी आहे की नाही, तेही लिहावं. जनावर बिथरलं तर दुसरा दिवस देऊ, आणि इसार परत करायचा की नाही, हे आधीच लिहावं. खाली दोघांच्या सह्या. मग भांडण राहत नाही.

एक वहीही ठेवावी. कुठल्या कुत्र्याला कशाचं भय, कुणाला कोणता आवाज आवडतो, कुणी आपल्याला कुणाकडे पाठवलं, हे त्यात लिहावं. ज्याने गिऱ्हाईक पाठवलं, त्याला काम झाल्यावर दोन ओळींची चिठ्ठी धाडावी. "आपण पाठवलेले काम झाले. आपला आभारी आहे." एवढंच. या दोन ओळी लिहायला तुम्ही आता शिकला आहात. आठ दिवस जाहिरात करून जे होत नाही, ते पुष्कळदा या दोन ओळींनी होतं.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या घरच्या किंवा शेजारच्या एका जनावराविषयी पाच ओळी लिहून आणाव्यात. ते भितं कशाला, आणि खुलतं कशाने. कॅमेरा नसला तरी चालेल. आधी नीट पाहायला शिकू या.